बहुमोल खेळाडू कोणता?

गुणांची पारख करणे कठीण आहे. परंतु दोन गुणवंतांमध्ये अधिक कोण आणि उणा कोण हे ठरविणे त्याहूनही कठीण आहे. सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो, वाण्याजवळ तराजू असतो. मैदानावर धावा मोजता येतात, बळी मोजता येतात, झेलही मोजता येतात. मोल मात्र मोजता येत नाही. म्हणूनच एक सामना संपून पुरस्कार जाहीर झाला की लगेच दुसरा सामना सुरू होतो. तो औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत चालतो, गुलमंडीवर चालतो आणि आपल्या शाळेच्या मधल्या सुटीतही चालतो. त्या सामन्यास पंच नसतो, षटकांची मर्यादा नसते आणि हार मान्य करावयास कोणीही तयार नसतो. ह्या दुसऱ्या सामन्याविषयी विद्यार्थिमित्रांपुढे चार विचार मांडावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. आपल्याकडील मुलेमुली जो सॉफ्टबॉल खेळतात, त्याचेच हे थोरले भावंड होय. त्या खेळात दरवर्षी ‘सर्वांत बहुमोल खेळाडू’ निवडण्याची प्रथा असून १९३१ पासून ही निवड खेळाविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेच्या मतदानाने होते. १९४७ साली टेड विल्यम्स ह्या बॉस्टनच्या खेळाडूने आपल्या साखळीत फलंदाजीची सर्वोच्च सरासरी, सर्वाधिक होम रन आणि संघास मिळवून दिलेल्या सर्वाधिक धावा अशी तिन्ही अग्रस्थाने एकट्याने पटकाविली. त्याचे होम रन ३२ होते. न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओचे होते २०. तरीही पुरस्कार डिमॅजिओस मिळाला. गुण होते २०२ विरुद्ध २०१. म्हणजे फरक केवळ एकाचा! डिमॅजिओचा संघ त्या साखळीत पहिला आला होता आणि विल्यम्सचा तिसरा. ह्या निकालावर बेसबॉलचे चाहते पाऊणशे वर्षांनंतरही वाद घालीत असतात.

हा वाद मिटत का नाही? कारण उघड आहे. ‘बहुमोल’ म्हणजे ज्याने वैयक्तिक पराक्रम सर्वाधिक केला तो, की ज्याच्या पराक्रमाने संघास विजय मिळाला तो? मत देणाऱ्या पत्रकारांस ज्या सूचना दिल्या जातात, त्यांतच ह्या शब्दाची निश्चित व्याख्या नाही असे स्पष्ट सांगितलेले असते. प्रश्नच जेथे दुहेरी आहे, तेथे उत्तर एकेरी कोठून येणार?

आता आपल्या क्रिकेटकडे वळू. पन्नास षटकांच्या विश्वचषक स्पर्धेत स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू निवडण्याची प्रथा १९९२ पासून सुरू झाली. २०२३ पर्यंत नऊ जणांस हा मान मिळाला. त्यांपैकी जयसूर्या, मॅकग्रा, युवराज सिंग आणि स्टार्क हे चौघे विजेत्या संघातील होते. मार्टिन क्रो, क्लुसनर, सचिन तेंडुलकर, विल्यमसन आणि विराट कोहली ह्या पाचांच्या संघांस चषक मिळाला नव्हता. म्हणजे येथेही प्रश्न कधी एका अर्थाने विचारला गेला, तर कधी दुसऱ्या. १९९६ साली सर्वाधिक म्हणजे ५२३ धावा आपल्या सचिनने केल्या; परंतु मान मिळाला तो २२१ धावा आणि सात बळी मिळविणाऱ्या जयसूर्यास. पुढे २००३ साली ६७३ धावा करणाऱ्या सचिनला तो मान मिळाला, तेव्हा भारत अंतिम सामना हरला होता. पहिल्या निकालास अन्याय म्हणणारे दुसऱ्यास न्याय म्हणतात. पण ह्या दोन निकालांमागील प्रश्न एकच होता काय, हे मात्र फारच थोडे विचारतात.

महाराष्ट्राच्या भूमीवर ह्या वादाचे जे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घडले, ते २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर. श्रीलंकेने सहा बाद २७४ धावा केल्या होत्या. त्यांत महेला जयवर्धनेच्या नाबाद १०३ होत्या. उत्तरादाखल भारताचे सेहवाग आणि सचिन हे दोन मोहरे अवघ्या ३१ धावांत परतले. तेथून गौतम गंभीर उभा राहिला. प्रथम कोहलीसमवेत ८३ आणि मग धोनीसमवेत १०९ धावांची भागीदारी करून तो ९७ धावांवर बाद झाला. धोनी त्या दिवशी युवराजच्या आधी, पाचव्या क्रमांकावर आला आणि ७९ चेंडूंत नाबाद ९१ धावा करून षटकाराने सामना संपविला. सामनावीराचा मान त्यास मिळाला.

त्या रात्रीपासून चाहत्यांत दोन तट पडले, ते आजतागायत आहेत. एक पक्ष म्हणतो, भिंत कोसळत असता ज्याने खांदा दिला तोच खरा वीर. दुसरा म्हणतो, आदल्या सर्व सामन्यांत धावा होत नसताना जो कर्णधार स्वतःहून पुढे आला आणि ज्याने काम तडीस नेले, तोच खरा वीर. माझे मत विचाराल तर, सामना कोणी सावरला असा प्रश्न असेल तर गंभीर, आणि सामना कोणी जिंकून दिला असा असेल तर धोनी. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ज्यांनी निवड केली त्यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, इतकेच. ह्यात कोणाचा कपटभाव शोधण्याचे कारण नाही.

परंतु ह्या वादात मला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. ती म्हणजे दोन्ही तट ज्याचे नाव क्वचितच घेतात, असा तिसरा मनुष्य. गोदावरीच्या पलीकडे, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर हे साखर कारखानदारीच्या मुलखातील गाव आहे. तेथे जन्मलेल्या झहीर खानाने त्या स्पर्धेत २१ बळी घेतले. पाकिस्तानच्या आफ्रिदीचेही तितकेच होते आणि दुसऱ्या कोणाचेही त्यांहून अधिक नव्हते. अंतिम सामन्यात आरंभीच्या पाच षटकांत त्याने तीन षटके निर्धाव टाकली, केवळ सहा धावा दिल्या आणि एक बळी घेतला. शेवटच्या षटकांत त्यास मार बसला हेही खरे. पण श्रीलंकेचा आरंभ बांधून ठेवला तो त्यानेच. स्पर्धेचा मान ३६२ धावा आणि १५ बळी अशी दुहेरी कामगिरी करणाऱ्या युवराजला मिळाला, तो योग्यच होता. तथापि झहीरचे काय, हा प्रश्न मी हिरिरीने विचारला गेलेला फारसा ऐकला नाही. आपल्या शेजारचा मनुष्य असूनही आपण त्याचे वकीलपत्र घेतले नाही! वर सांगितलेल्या नऊ मानकऱ्यांत केवळ गोलंदाजीच्या बळावर मान मिळविणारे मॅकग्रा आणि स्टार्क असे दोघेच आहेत, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. २०२३ साली मोहम्मद शमीने सातच सामन्यांत २४ बळी घेतले. मान ७६५ धावा करणाऱ्या कोहलीस मिळाला. फलंदाजाची फटकेबाजी डोळ्यांत भरते. गोलंदाजाने वाचविलेल्या धावा फलकावर दिसतच नाहीत. जे फलकावर दिसत नाही ते पाहण्यास अधिक लक्ष लागते, आणि तेवढे लक्ष देण्याची चाहत्यांची तयारी नसते.

यावरून चाहत्याच्या न्यायबुद्धीची एक सोपी कसोटी काढता येते. नागपुरात जन्मलेल्या व मुंबईत वाढलेल्या रोहित शर्माने २०१९ च्या विश्वचषकात ६४८ धावा केल्या आणि एकाच स्पर्धेत पाच शतके ठोकण्याचा विक्रम केला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र ५७८ धावा करणारा न्यूझीलंडचा कर्णधार विल्यमसन निवडला गेला. आपल्याकडे अनेकांस ते रुचले नाही, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यास आधारही होता. पण त्याच स्पर्धेत बांगलादेशाच्या शाकिब अल हसनने ६०६ धावा करून ११ बळीही घेतले होते. ज्यांनी रोहितसाठी आवाज उठविला, त्यांपैकी कितीजणांनी शाकिबचे नाव घेतले? जो केवळ आपल्या माणसासाठी न्याय मागतो, तो न्याय मागत नसून वाटा मागत असतो. जो परक्यासाठीही त्याच मापाने बोलतो, त्याच्याच रागास न्यायबुद्धी म्हणता येईल.

काहीजण म्हणतील, ‘गुरुजी, मग चाहत्यांनी बोलूच नये काय?’ तसे मुळीच नाही. चाहता बोलला नाही तर खेळ मुका होईल. पुरस्काराच्या वादामुळेच मुले आकडे पाठ करतात, सरासरी काढावयास शिकतात, जुने सामने धुंडाळतात. जे गणित फळ्यावर रुचत नाही ते मैदानाच्या निमित्ताने गोड लागते. वाद अवश्य करावा. फक्त आपला नायक मोठा दिसावा म्हणून दुसऱ्यास लहान करू नये. गंभीरची स्तुती धोनीच्या निंदेवाचून करता येते. पण पुष्कळांस ते जमत नाही, आणि प्रकरण खेळावरून खेळाडूच्या प्रांतावर, भाषेवर व कुळावर घसरते. त्या क्षणी वाद संपून भांडण सुरू होते.

दुसरीही एक गोष्ट विसरू नये. गर्जना बहुधा त्यांच्यासाठीच होते, ज्यांच्या गळ्यात हार आधीच पडलेले असतात. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. खाशाबा परतले तेव्हा लोकांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सरकारी सन्मान मात्र लांबतच गेला. १९८४ साली ते अपघातात निवर्तले आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. इतकी वर्षे त्यांच्यासाठी बोलावयास तट पडले नाहीत. धोनी की गंभीर ह्या वादात खर्ची पडलेल्या आवेशाचा शतांश जरी त्यांच्या वाट्यास आला असता, तरी कदाचित त्यांच्या हयातीतच काही घडले असते. आणि मुलांनो, खर्डेकरांनी कोणत्याही मतपत्रिकेची वाट पाहिली नव्हती, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्याचे मोल त्यांनी स्वतःच्या घराने मोजले.

आता घरचीच गोष्ट. आपल्या शाळेतही वार्षिक क्रीडासमारंभात उत्तम खेळाडूचा चषक दिला जातो, आणि त्यावरून गटागटांत आठवडा आठवडा अबोला राहतो, हे आपण सर्व जाणतो. ह्यासाठी तीन नियम सुचवितो. पहिला, आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागतो आहोत हे सामन्यांपूर्वीच फलकावर लिहावे: सर्वाधिक कौशल्य, की संघास सर्वाधिक साहाय्य? दुसरा, मतदान विद्यार्थ्यांनीच करावे. परंतु कोणीही आपल्या गटातील खेळाडूस मत देऊ नये. तिसरा, प्रत्येक मताखाली एका वाक्यात कारण लिहावे आणि स्वतःचे नाव घालावे.

दुसरा नियम ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडतील. दोन गट संगनमत करून एखाद्या सामान्य खेळाडूस निवडून देतील, अशी शंकाही कोणी काढील. ती निराधार नाही. म्हणूनच तिसरा नियम आहे. कारणे सर्वांसमक्ष वाचून दाखविली जातील, तेव्हा खोटे कारण खाली आपले नाव घालून लिहिणे फारसे कोणास जमणार नाही. आणि ह्या योजनेचा खरा लाभ चषकाहून मोठा आहे. प्रतिस्पर्ध्याचा खेळ मत देण्यापुरता तरी डोळे उघडून पाहावाच लागेल. आपला झेल टिपणारा, आपल्या धावा अडविणारा, आपल्यास खो-खोत बाद करणारा कोण होता, हे आठवावे लागेल. प्रतिपक्षाने दिलेले मत ज्यास मिळेल, त्याच्या चषकाविषयी मग कोण तक्रार करील?

येत्या क्रीडासमारंभात क्रीडासमितीने हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. ती मान्य होवो वा न होवो. निदान मधल्या सुटीत पुढचा वाद पेटेल, तेव्हा आपल्या आवडत्या खेळाडूविषयी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्या संघातील एकाचे नाव घ्यावे आणि त्याने काय केले ते सांगावे. तेवढे करूनही वाद उरलाच, तर तो खुशाल घालावा; तो ऐकावयास आम्हा शिक्षकांसही आवडेल.