परवाना आणि पगार : दृष्टिहीनांच्या बाजूने लिनक्सचा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना दोन नावे हटकून येतात. १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करणारे रिचर्ड स्टॉलमन, आणि १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवणारे लिनस टॉरवाल्ड्स. हा इतिहास परवान्यांचा, तत्त्वांचा आणि बड्या कंपन्यांशी झालेल्या झगड्यांचा म्हणून सांगितला जातो. ज्यांना पडदा दिसत नाही अशा वापरकर्त्यांच्या बाजूने तोच इतिहास वाचला, तर त्याचे टप्पे बदलतात, नायक बदलतात, आणि गाजलेले काही विजय चक्क पराभव ठरतात. प्रस्तुत धागा त्या दुसऱ्या वाचनाचा आहे.

त्याची सुरुवात पुण्यापासून करता येते.

टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालचा, पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण, आणि मग अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ. तेथे १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गणिती सूत्रांनी भरलेला मजकूर कानांनी वाचता यावा, यासाठी रचलेली प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रणालीचे नाव ‘अ‍ॅस्टर’. त्यांच्या वाटाड्या श्वानाचेही नाव तेच.

१९९५ साली रामन यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. त्यामागची कल्पना नीट समजून घेण्याजोगी आहे. त्या काळातील बोलके सॉफ्टवेअर पडद्यावर उमटलेली अक्षरे ओळीने वाचत असे. समजा, पडद्यावर एका महिन्याची दिनदर्शिका आहे. डोळ्यांना ती चौकटींची जाळी दिसते. ओळीने वाचणाऱ्या यंत्राला मात्र ती ‘सात, आठ, नऊ, दहा’ अशी आकड्यांची माळ असते. नऊ तारखेला वार कोणता, ते ऐकणाऱ्याने मनात मोजत बसायचे. ईमॅक्सस्पीक पडद्याकडे पाहतच नाही. ते थेट दिनदर्शिकेच्या आज्ञावलीला विचारते की सध्या कोणता दिवस निवडलेला आहे, आणि वार, महिना, वर्ष यांसह पूर्ण तारीख उच्चारते. प्रोग्रॅम वाचताना त्यातील टिपा वेगळ्या आवाजात आणि मूळ ओळी वेगळ्या आवाजात ऐकू येतात, ही आणखी एक सोय.

हे साधले ते ईमॅक्स उघडे होते म्हणून. ईमॅक्स हे स्टॉलमन यांचे मजकूर-संपादक. त्यातील कोणत्याही क्रियेला, तिच्या मूळ संकेताला हात न लावता, बाहेरून जोड देता येते. बंद सॉफ्टवेअरच्या आत शिरून असा प्रश्न विचारण्याची वाटच नसते. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वज्ञानाचे याहून ठोस प्रात्यक्षिक त्या दशकात क्वचितच झाले असेल. १९९९ साली स्मिथसोनियन संस्थेने ईमॅक्सस्पीकला आपल्या संशोधन-संग्रहात स्थान दिले. पुण्यातील संगणक-विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे, हे त्यांनाच विचारावे.

त्याच १९९५ साली निखिल नायर यांनी ‘बीआरएलटीटीवाय’ या आज्ञावलीचा आरंभ केला. लिनक्सचा गाभा मजकुरी पडद्यावरील अक्षरे एका खास फाइलीच्या रूपाने उपलब्ध करून देतो. नेहमीच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे एकूण २००० अक्षरे. बीआरएलटीटीवाय ती फाइल वाचते आणि ब्रेल पट्टीवरील ठिपके त्याप्रमाणे वरखाली करते. कर्क रायझर यांचे ‘स्पीकअप’ तर गाभ्याच्या आतच बसणारे होते, त्यामुळे यंत्र सुरू होतानाचे संदेशही ऐकू येत. (गाभ्याच्या अधिकृत दरबारात मात्र स्पीकअपला फार ताटकळावे लागले. २०१० साली ते ‘स्टेजिंग’ नावाच्या उमेदवारांच्या दालनात घेतले गेले. मुख्य घरात प्रवेश मिळायला २०२० उजाडले.)

मजकुरी पडद्याच्या त्या युगात दृष्टिहीन वापरकर्ता डोळस वापरकर्त्याच्या फारसा मागे नव्हता. दोघेही कळफलकावर आज्ञा टाइप करीत आणि उत्तर मजकुरातच मिळे. मग खिडक्या, चित्रे आणि माउस आले. संगणक सर्वांसाठी सोपा झाला, असे या घटनेचे वर्णन पाठ्यपुस्तके करतात. त्या ‘सर्वां’मध्ये कोण होते, हे तपासण्याची तसदी ती घेत नाहीत. पडद्यावर आता अक्षरे नव्हती, रंगीत ठिपके होते, आणि ठिपक्यांच्या ढिगातून ‘जतन करा’ हे बटण शोधून काढणे कोणत्याही वाचकयंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते. मार्ग एकच उरला : प्रत्येक आज्ञावलीने आपण होऊन जाहीर करायचे की येथे बटण आहे, त्याचे नाव अमुक आहे, ते सध्या दाबलेले नाही. ज्या प्रोग्रॅमरने चित्रबटणाला नाव दिले नाही, त्याचे बटण नुसते ‘बटण’ म्हणून उच्चारले जाते. अशी पाच बटणे ओळीने आली की ऐकणाऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

लिनक्सच्या जगात ही जाहीर करण्याची यंत्रणा उभारण्यात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचा वाटा मोठा होता. ‘ऑर्का’ या स्क्रीन रीडरचा पहिला नमुना २००४ च्या सुमारास सनमधील मार्क मल्कही यांनी तयार केला. ते स्वतः दृष्टिहीन. पुढे विली वॉकर यांच्या नेतृत्वाखाली ऑर्का वाढली आणि २००६ साली ग्नोम २.१६ बरोबर लाखो संगणकांवर पोहोचली.

याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक वाद पेटला. राज्य सरकारने २००५ साली ठरवले की १ जानेवारी २००७ पासून शासकीय कागदपत्रे ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवायची. मुक्त सॉफ्टवेअरच्या समर्थकांसाठी हा मोठा विजय होता. विरोध आला तो अपंगांच्या संघटनांकडून. दृष्टिहीन कर्मचारी विंडोज, मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि ‘जॉज’ हा हजार डॉलरच्या आसपासचा स्क्रीन रीडर यांवर काम करीत होते. खुल्या स्वरूपाला धरून चालणारी साधने त्यांच्या हातात नव्हती. चळवळीतील काहींना हा विरोध म्हणजे मायक्रोसॉफ्टने पुढे केलेले प्यादे वाटले.

तो संशय अन्यायाचा होता. ज्याची नोकरी स्क्रीन रीडरवर टिकून आहे, त्याला फाइलीच्या स्वरूपाचे स्वातंत्र्य आधी आणि काम करण्याची सोय नंतर, असा क्रम सांगणे हे पोट भरलेल्याने उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. त्या विरोधाचा लाभ अखेरीस खुल्या स्वरूपालाच झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये मान्य झालेली ओपनडॉक्युमेंट १.१ ही आवृत्ती मुख्यतः सुगम्यतेच्या दुरुस्त्यांसाठीच निघाली. तक्रार झाली नसती तर त्या दुरुस्त्या कधी झाल्या असत्या, सांगवत नाही.

यानंतरचा प्रसंग या इतिहासाचा कळीचा मुद्दा आहे. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सनची खरेदी पूर्ण केली आणि त्यानंतर लवकरच विली वॉकर यांची नोकरी गेली. बंद सॉफ्टवेअर असते तर ऑर्काची कथा तेथेच आटोपली असती. परवाना मुक्त असल्यामुळे जोनमरी डिग्ज यांना ते काम हाती घेता आले. त्या सनच्या कर्मचारी नव्हत्या. दृष्टिहीनांना संगणक शिकवण्याच्या कामातून त्या ऑर्काकडे आल्या होत्या. मुक्त परवान्याचे समर्थक हे उदाहरण अभिमानाने देतात, आणि त्यांचा अभिमान रास्त आहे.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. एका कंपनीचा चमू जे काम करीत होता, त्याचा भार पुढे बहुतांशी एका व्यक्तीवर आला, आणि तोही ऐन पडझडीच्या वेळी. २०११ साली ग्नोम ३ आले, तेव्हा जाहीर करण्याची यंत्रणा कॉर्बा या जुन्या पायावरून डी-बस या नव्या पायावर हलवली जात होती. ‘संकेत उघडा आहे, कोणीही दुरुस्त करावा’ हे उत्तर या काळात वारंवार दिले गेले. ते तर्काला धरून आहे, पण त्यातला ‘कोणीही’ बहुधा कोणीच नसतो. ज्याला यंत्र सुरूच करता येत नाही, त्याने त्याच यंत्रावर बसून ते दुरुस्त करावे, ही अपेक्षा तर विनोदीच म्हटली पाहिजे. स्वातंत्र्याने ऑर्काला मरू दिले नाही. तिला धडधाकट ठेवायला कोणाचा तरी पगार लागत होता.

वेलँडचे प्रकरण हेच पुन्हा दाखवते. एक्स या जुन्या चित्रप्रणालीत कोणतीही आज्ञावली वापरकर्त्याने दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकत असे. सुरक्षेच्या दृष्टीने हे भोकच होते. पण स्क्रीन रीडर आपल्या आज्ञा त्याच भोकातून ऐकत असे. वेलँडने ते बुजवले. निर्णय योग्य होता, फक्त त्या भिंतीत दृष्टिहीनांसाठी दार ठेवायचे राहिले. फेडोराने नोव्हेंबर २०१६ मध्ये वेलँडला मुख्य स्थान दिले. ऑर्काच्या कळांचा प्रश्न नीट सुटायला मार्च २०२५ मधील ग्नोम ४८ यावे लागले. मधल्या आठ वर्षांत दृष्टिहीनांना नेहमीचा सल्ला मिळे : जुन्या एक्सवरच राहा. २०२३ साली जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला १० लाख युरो दिले आणि त्यात सुगम्यतेचे काम होते. पैसे आले आणि रखडलेली कामे हलली.

चांगले टप्पेही नोंदवले पाहिजेत. मे २०१३ मधील डेबियन ७ पासून, ब्रेल पट्टी नसलेल्या दृष्टिहीन व्यक्तीलाही डोळस मदतनिसाशिवाय डेबियन बसवता येऊ लागले. सुरुवातीला यंत्र ‘टूं’ असा आवाज करते, मग ‘एस’ ही कळ आणि एंटर दाबायचे, की पुढची सारी प्रक्रिया बोलू लागते. स्वतःचा संगणक स्वतः उभा करणे ही डोळस वाचकाला किरकोळ वाटेल अशी गोष्ट. पण तोवर तिच्यासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागत असे.

डेबियनला बोलण्यासाठी फुकट आणि मुक्त आवाजही लागतो. ईमॅक्सस्पीकचा आरंभीचा आवाज डेकटॉक या विकतच्या पेटीचा होता. मुक्त आवाजाची उणीव भरून काढली ती जोनाथन डडिंग्टन यांच्या ‘ईस्पीक’ने. तो यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खडखडाट वाटतो. पण आकाराने लहान आहे, अतिवेगातही स्पष्ट राहतो, आणि मराठी बोलतो.

तो मराठी बोलतो, पण त्याने वाचावे असे मराठीत किती आहे? युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेल्या हजारो मराठी फाइली डोळ्यांना देवनागरी दिसतात. आत मात्र रोमन चिन्हांची खिचडी असते आणि ईस्पीक ती इमानाने वाचून दाखवतो. जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ म्हणजे बहुधा नुसती छायाचित्रे. समाजमाध्यमांवर दररोज फिरणाऱ्या मोडी कागदांची, ताम्रपटांची आणि शिलालेखांची छायाचित्रेही तशीच, सोबत वाचन किंवा वर्णन न देता टाकलेली. इतिहासाची गोडी असलेला दृष्टिहीन वाचक त्यांच्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा ऑर्का एकच शब्द उच्चारते : ‘प्रतिमा’.