‘फ्री कॉलनी’तील मुक्ती

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाच्या वस्त्या आहेत. टपालावर, शिधापत्रिकेवर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर हेच नाव लिहिले जाते. ते इतके अंगवळणी पडले आहे की या कॉलनीला ‘फ्री’ का म्हणतात, असे शहरातील सुशिक्षित माणसाला सहसा वाटत नाही. याच शहरात तारेच्या कुंपणाआड एक दुसरी वस्ती होती आणि तिच्यातील माणसे ‘फ्री’ नव्हती, हे या नावाच्या पोटात दडलेले आहे. वर्तणूक चांगली दिसली तर कुंपणाबाहेर राहण्याची जी मुभा मिळे, तिलाच स्वातंत्र्य म्हणत.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि १९२४ साली त्याला अखेरचे रूप आले. कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटे, टकारी अशा कितीतरी जमातींत जन्म घेणे हाच या कायद्याने गुन्हा ठरवला. त्यासाठी आरोपपत्र नको, साक्षीपुरावा नको. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार, आणि त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद नाही. मग हजेरी आली, परवाना आला. मुलांना आईबापांपासून तोडण्याचा अधिकारही सरकारने कायद्याने आपल्याकडे घेतला. बिजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि सोलापूर येथे या लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. स्टार्ट नावाचा आय. सी. एस. अधिकारी या साऱ्या कारभाराचा प्रमुख होता. सोलापूरच्या वसाहतीचे नाव ‘उमेदपूर’. उमेद कोणाची, हे मात्र कोणी त्या माणसांना विचारले नाही.

हे सारे ‘सुधारणे’च्या नावाने चालले होते. भटक्याला स्थिर करावे, कामाची सवय लावावी, त्याच्या मुलांना अक्षरओळख करून द्यावी, हा त्यातला युक्तिवाद. त्यातील काही माणसांचा हेतू प्रामाणिक होता हे मान्य करण्यास हरकत नाही. शाळा निघाल्या हेही खरे. परंतु वसाहत सोलापुरात का, या प्रश्नाचे उत्तर गिरण्यांच्या भोंग्यात सापडते. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून येथे कापडधंदा वाढत गेला आणि त्याला मजूर हवे होते. काम सोडून गावी निघून जाऊ न शकणारा, हजेरी चुकली तर शिक्षेस पात्र ठरणारा मजूर कोणत्या मालकाला नको असेल? सुधारणेचा धर्म आणि नफ्याचे गणित इतके सोयीस्करपणे जुळले की त्यातले नेमके कोण कोणासाठी राबत होते हे वेगळे काढणे कठीण व्हावे.

१९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटले, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. त्या चौघांचा अभिमान हे शहर बाळगते आणि बाळगलाच पाहिजे. परंतु त्या धामधुमीतही याच शहरात हजेरीपट चालूच होता, याची आठवण काढण्याची प्रथा मात्र पडली नाही.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. बाकीच्या देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे सोळा दिवस लोटले होते. विमुक्त जमाती हा दिवस आपला मुक्तिदिन मानतात. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव गेले, संशय राहिला. कोठे चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कोठे वळते, हे पारध्यांच्या कोणत्याही पालावर विचारावे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातवार तरतुदी आणि विमुक्तांना जन्मजात सराईत मानणारी भाषा घटनाबाह्य ठरवावी लागली, यावरून ही वृत्ती किती खोल रुजली आहे हे दिसते.

भटक्यांना स्थिर करून त्यालाच विकास म्हणण्याची ही रीत केवळ हिंदुस्थानची नाही. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील बेदुईन अरबांना १९६६ पर्यंत लष्करी अमलाखाली ठरावीक पट्ट्यात कोंडून ठेवले होते. पुढे त्यांच्यासाठी तेल शेवापासून सात नगरे आखली गेली. त्यांतले १९७२ चे रहात सर्वांत मोठे. १९९४ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. रस्ते झाले, वीज आली. पण कळपांना कुरण उरले नाही आणि हातांना काम नाही. देशातील सर्वांत गरीब गावांच्या यादीत ही नगरे तळाशी असतात. जे आपल्या जमिनीवरचा हक्क न सोडता जुन्या ठिकाणी राहिले त्यांच्या गावांना मान्यताच नाही. अल-अराकीब हे गाव २०१० पासून शंभराहून अधिक वेळा पाडले गेले. तेथे भटक्यांची स्वतःची जमीन बळकावली गेली, येथे माणसे उचलून श्रमासाठी बंदिस्त केली गेली, हा फरक लहान नाही. परंतु कोठे राहावे हे राज्य ठरवते, कशावर जगावे याची जबाबदारी घेत नाही, आणि मग दारिद्र्याचा दोष त्या माणसांच्या स्वभावावर टाकते, एवढे दोन्हीकडे सारखेच आहे.

बाळकृष्ण रेणके हे सोलापूरचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला. विमुक्तांपैकी ८९ टक्के आणि भटक्यांपैकी ९८ टक्के लोकांकडे जमीन नाही, असे त्यात नोंदले आहे. त्यानंतर इदाते आयोग झाला. महाराष्ट्र शासनाने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली : वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी पाच गुंठे जागा, २६९ चौरस फुटांचे घर. कागदावर योजना चांगली आहे. पण तिच्या दाराशी जातीचा दाखला उभा आहे, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्यांच्या आजोबांना गाव एका जागी तीन दिवसांहून अधिक टिकू देत नव्हते, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा रहिवास सिद्ध करायचा! पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदवह्यांत या जमातींची नावे पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे लिहिली गेली. त्याच सरकारला आज त्यांचा पत्ता सापडत नाही.

शिवाय सीमेचा घोळ आहे. विजयपूरचा बंजारा अनुसूचित जातीत, तेलंगणातला अनुसूचित जमातीत, सोलापूरचा विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भाच्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि सोलापुरात नाही. तांडा एकच, नातीगोती एकच. राज्याची वा जिल्ह्याची हद्द ओलांडली की माणसाचे मागासलेपण बदलते. या प्रश्नावर निवडणुकीपुरते बोलणारे पुढारी सर्वच पक्षांत आहेत. डाव्या चळवळीनेही गिरणी कामगार पाहिला, त्याच्यातला ‘सेटलमेंटवाला’ फारसा पाहिला नाही, ही कबुली दिली पाहिजे.

आता जनगणना होऊ घातली आहे आणि तीत जातींची नोंद होणार आहे. विमुक्त व भटक्यांसाठी स्वतंत्र रकाना असावा, पालावर व माळरानावर गणक प्रत्यक्ष जावेत आणि १९६१ च्या कागदाऐवजी गृहचौकशी व ग्रामसभेची साक्ष पुरेशी मानावी, या मागण्यांना फारसा पैसा लागत नाही. सोलापूरच्या सर्व आमदार-खासदारांनी त्या एकत्रितपणे मांडाव्यात. त्यासाठी त्यांना लांब जावे लागणार नाही. ‘फ्री कॉलनी’ त्यांच्याच मतदारसंघांत आहे.