ढेकणांसाठी घरात विष नको



घरात ढेकूण झाले हे कोणाला सांगायची आपल्याला लाज वाटते. पाहुण्यांना कळेल, शेजारीण नाक मुरडेल, म्हणून आपण गप्प राहतो. पोरे रात्रभर खाजवत राहतात, अंगावर गांधी उठतात, सकाळी कामावर जाणाऱ्याची झोप पुरी होत नाही. शेवटी कोणीतरी सांगते म्हणून गुपचूप बाजारातून औषध येते. हा गुपचूपपणाच जिवावर बेततो.

आधी हे ध्यानात घ्या, की ढेकूण होणे म्हणजे घर घाण असणे नव्हे. ढेकणाला खरकटे किंवा कचरा लागत नाही, त्याला माणसाचे रक्त लागते. प्रवासातली वळकटी, जुन्या बाजारातून घेतलेली कॉट, शेजारच्या खोलीची भिंत, यांपैकी कशातूनही तो येतो. श्रीमंतांच्या हॉटेलांतही तो सापडतो. ढेकणाने रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. पण खाजवून जखमा होतात आणि झोप उडते.

सर्वांत मोठा धोका धान्यात ठेवायच्या गोळीचा आहे. काही लोक ही गोळी गादीखाली किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात. या गोळीत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. ती बंद गोदामासाठी, शिकलेल्या माणसाने वापरायची असते. चाळीत भिंतींना फटी असतात, पत्रे असतात. गोळी एका खोलीत ठेवली तरी वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाळापर्यंत पोचतो. या विषावर उताऱ्याचे औषध नाही. अशा गोळीने घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली आहेत.

शेतावर फवारायचे औषध गादीवर मारणेही तितकेच वाईट. त्या गादीवर आपलीच मुले तोंड टेकून झोपतात. शिवाय फवाऱ्याने ढेकूण संपतातच असे नाही. डी.डी.टी.ला ढेकूण दाद देत नाहीत, हे १९४७ सालीच हवाई बेटांवर दिसून आले होते. रॉकेल ओतून कॉट शेकणे तर आगीला आमंत्रण.

मग करायचे काय? ढेकणाला उष्णता सोसत नाही. ५० अंश सेल्सिअसला तो आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. उकळते पाणी याच्या कितीतरी पुढे असते. म्हणून पुढील क्रमाने काम करा.

१) शोधा : रात्री बॅटरी घेऊन गादीच्या शिवणी, कॉटचे सांधे, खिळ्यांची भोके, फोटोच्या चौकटींची मागची बाजू, कॅलेंडरमागची भिंत पाहा. काळे ठिपके, वाळलेल्या काती, चिकटलेली पांढरी अंडी दिसली की तिथे त्यांचे बिऱ्हाड आहे असे समजा.

२) उकळा : चादरी, अभ्रे, कपडे उकळत्या पाण्यात घाला. कॉट गॅलरीत किंवा अंगणात नेऊन सांध्यांत, भोकांत उकळते पाणी ओता. त्या वेळी मुलांना दूर ठेवा. विजेच्या बोर्डाजवळ पाणी नेऊ नका.

३) तापवा : नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीतले ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. म्हणून गोधडी किंवा पातळ पांघरूण काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि कडक उन्हात दिवसभर ठेवा. दुपारी पिशवी पालटा. जाड गादी आतपर्यंत तापत नाही. तिच्या शिवणी ताठ ब्रशने घासा आणि पडलेले ढेकूण उकळत्या पाण्यात टाका.

४) बुजवा : भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा पुट्टीने भरा. गादीची उसवलेली शिवण शिवून टाका.

५) वाट तोडा : ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. चारही पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. पाणी दर चार-पाच दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डास होतील.

हे एकदा करून भागत नाही. एखादे अंडे राहून गेले तर आठ-दहा दिवसांत त्यातून पिल्लू निघते, आणि मोठा ढेकूण रक्तावाचून कित्येक महिने जगतो. म्हणून दर आठवड्याला हेच काम पुन्हा करा, निदान दीड महिना. त्या काळात अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवू नका, नाहीतर ढेकूण तिकडेही जातील.

चाळीत राहणाऱ्यांनी आणखी एक करावे. एका खोलीतून हाकललेला ढेकूण पलीकडच्या खोलीत जातो आणि महिन्याने परत येतो. तेव्हा लाज सोडा, शेजारणींना बोलवा आणि एकच रविवार ठरवून सगळ्या खोल्यांची गादी-कॉट बाहेर काढा. चुलीवर मोठा हंडा ठेवला की दहा घरांचे काम होते. घरातल्या पुरुषांनी आणि थोरल्या मुलांनी कॉट उचलायला पुढे यावे. हे एकट्या बाईचे काम नाही.

आणि कोणाच्या घरी गोळी ठेवल्याचे कळले, लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, तर आधी सगळ्यांना उघड्यावर न्या. शेजाऱ्यांनाही उठवा. गोळीवर पाणी टाकू नका, त्याने वायू जास्त सुटतो. वास आला नाही तरी धोका नाही असे समजू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना गोळीचे नाव स्पष्ट सांगा.

ढेकूण आज ना उद्या जातील. गेलेले लेकरू मात्र परत येत नाही. हा मजकूर शेजारणीलाही वाचून दाखवा.