रवंथ आणि फिकीर

इंग्रजीत विचार करण्यासाठी बरेच शब्द आहेत. त्यातला 'रुमिनेट' हा पुस्तकी, जरा भारदस्त. मुलांनी शब्दकोश उघडला की त्याचे दोन अर्थ सापडतात : चिंतन-मनन करणे आणि रवंथ करणे. पहिला ती मुकाट्याने वहीत उतरवतात, दुसऱ्यावर हसतात. खरे तर दुसराच त्यांच्या ओळखीचा. जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही माळावर दुपारी तो झाडाखाली बसलेला दिसतो. चिंतन-मनन मात्र त्यांनी कुणाला करताना पाहिलेले नसते. वर्तमानपत्रात पक्षांची चिंतन शिबिरे होतात, तेवढेच.

शब्द लॅटिनमधला. गुरांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे रुमेन. गाय चरते तेव्हा फारसे न चावता गिळत जाते. मग निवांत बसून तेच पुन्हा तोंडात आणते, बारीक चावते, परत गिळते. दिवसाचे सहा ते आठ तास यात जातात. जनावराने रवंथ सोडला की गुरेवाला आधी काळजीत पडतो. तो आजारी जनावर तेवढ्यावरून ओळखतो. युरोपातल्या मठांमधले ख्रिस्ती साधू धर्मग्रंथातले वचन तोंडात घोळवत बसत, त्यालाही हेच नाव होते. आपल्याकडे अभिनवगुप्ताने काव्याचा रस घेण्याच्या क्रियेला 'चर्वणा' म्हटले. आणि आपण मराठीत काय केले? 'चर्वितचर्वण' ही शिवी करून टाकली. उर्दूतही एखाद्याच्या बोलण्याला 'जुगाली' म्हटले तर त्याला राग येईल.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना मला रोज भेटणारा शब्द वेगळा आहे : फिक्र. अरबीत फिक्र म्हणजे विचार. त्यातूनच तफक्कुर म्हणजे चिंतन, मुफक्किर म्हणजे विचारवंत. इमाम गजालींच्या 'इह्या'त चाळीस भाग आहेत, त्यातला एकोणचाळिसावा सगळाच्या सगळा तफक्कुरवर आहे. उर्दूत फिक्रचे दोन्ही अर्थ नांदतात : शायराची फिक्र म्हणजे त्याचा विचार, आईची फिक्र म्हणजे तिची काळजी. आजच्या मराठीत मात्र फिकीर उरली ती फक्त काळजीची. 'बेफिकीर' म्हणजे ज्याला विचार नाही असा नव्हे, ज्याला पर्वा नाही असा. संस्कृतकडून आलेल्या शब्दांचीही तीच गत. चिंता आणि चिंतन एकाच धातूचे, पण चिंता घरोघरी पोचली आणि चिंतन व्यासपीठावर जाऊन बसले.

खलबत तर याहून गमतीचा. सूफींची खलवत म्हणजे एकांतात बसून केलेली साधना. मराठीत खलबते होतात ती बंद दाराआड, कुणाला तरी पाडण्यासाठी!

इंग्रजी शब्दही या घसरणीतून सुटला नाही. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1991 साली दाखवून दिले की, आपले दुःख मनात पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्याचे नैराश्य लांबते. त्यांनी त्या घोळवण्याला रुमिनेशनच म्हटले. पुढे 2003 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचे दोन भाग केले : एक नुसते कुढणे, दुसरे उत्तर शोधण्यासाठी आत वळून पाहणे. हा भेद मला गाईकडे पाहून जास्त कळतो. गाय चावलेले गिळते आणि ते पुढच्या कप्प्यात जाते. कुढण्यात घास तोंडातच फिरत राहतो.

मात्र हा भेद सांगून कुणाला 'फिकीर सोडा, चिंतन करा' असा उपदेश करायचे धाडस माझ्यात नाही. मोखाड्यात पावसाळ्यात धो-धो कोसळते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. ज्या बाईला हंडाभर पाण्यासाठी दरी उतरायची आहे तिची फिकीर हा मनाचा आजार नाही, तो हिशेब आहे. तिच्या घासाला पुढचा कप्पा नाही, कारण पाणी आलेले नाही.

माझे म्हणणे शाळेपुरते आहे. हल्ली पाठांतराला नावे ठेवायची फॅशन आहे, आणि त्यातही मदरशातल्या मुलाचा हिफ्ज म्हणजे निव्वळ पोपटपंची, असे शिकलेले लोक सहज बोलून जातात. रिकाम्या पोटी गाय रवंथ कशाचा करणार? पाठांतर हे चरणे आहे, ते हवेच. हाफिज आयुष्यभर दौर करत राहतो, म्हणजे पाठ केलेले पुन्हा पुन्हा तोंडात आणतो. रवंथाच्या इतके जवळचे दुसरे काही मला माहीत नाही. त्यात अर्थाची जोड कमी पडते हे खरे, आणि ते आपल्या लोकांनी स्पष्ट बोलायला हवे. पण तेच आमच्या शाळांचेही आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'स्वमत' असा प्रश्न असतो आणि मुले त्याचे उत्तर गाईडमधून पाठ करतात. स्वतःचे मत दुसऱ्याच्या पुस्तकातून! मुलांना मी दोष देत नाही. पोर्शन संपवायच्या घाईत आम्ही त्यांना सावलीत बसूच देत नाही.

मराठीत एक सोय आहे, ती उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना मी मुद्दाम दाखवतो : 'विचार' आणि 'विचारणे'. इथे प्रश्न करणे हे विचारापासूनच निघते. म्हणून शनिवारी शेवटची पंधरा मिनिटे मी काही शिकवत नाही. आठवड्यात गिळलेल्यातले एक काहीतरी वर आणायचे आणि त्यावर एक प्रश्न विचारायचा. उत्तर नको. पहिले काही शनिवार वर्ग गप्प असतो. ती शांतता सोसणे शिक्षकालाच जड जाते. मग कुणीतरी विचारते. पाऊस इतका, तर पाणी कुठे जाते, हा प्रश्न तर दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच.

दिवाळी झाली की आदिवासी पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, वसईकडे. मुलेही बरोबर जातात. जूनपासून जे गिळले ते चावायची वेळ येते तेव्हा ती भट्टीवर विटा उचलत असतात. गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेत, म्हणजे कुटुंब निघण्याआधी सुरू झाली तरच तिचा उपयोग. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीच पालकांना भेटायला जायचे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे.