बदललं तेवढंच लिहा

फळ्यावर अख्खा धडा लिहून झाला आणि एका शब्दाची वेलांटी चुकली, तर तुम्ही काय करता? तेवढाच शब्द पुसता. संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, म्हणजे टेक्स्ट एडिटर, हेच करतो. माझं स्पष्ट मत आहे, की संगणकाच्या तासाला नुसती बटणं शिकवण्याआधी हा विचार शिकवायला हवा.

तो गरजेतून आला. १९७० च्या दशकात अनेक टर्मिनल टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेले असत. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं यायची. पडदा २४ ओळींचा, ओळीत ८० अक्षरं. गुणाकार करा बघू! १,९२० अक्षरं, म्हणजे पूर्ण पडदा भरायला ६४ सेकंद. एक अक्षर खोडलं की मिनिटभर थांबा, हे कसं चालेल? अमेरिकेत बर्कलीला बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, तो अशाच संथ जोडणीवर चालावा म्हणून.

मग युक्ती काय? एडिटर दोन चित्रं जवळ ठेवतो : पडद्यावर सध्या काय आहे आणि काय दिसायला हवं. ओळीशी ओळ ताडून बघतो, सारखी असेल ती सोडतो, वेगळं असेल तेवढंच पाठवतो. पण मध्येच नवी ओळ घातली तर? खालच्या सगळ्याच ओळी सरकतात. अशा वेळी त्या पुन्हा पाठवण्यापेक्षा टर्मिनलला ‘इथे एक ओळ घाल’ एवढीच सूचना देणं स्वस्त पडतं. कोणता मार्ग सर्वांत स्वस्त, हे शोधायची रीत जेम्स गॉसलिंग यांनी १९८१ मध्ये मांडली. पुढे जावा ही भाषा घडवणारे तेच हे गॉसलिंग.

“सर, आता संगणक वेगवान झालेत, हे कशाला?” असं कोणी विचारेल. पण ऑनलाइन तासाचा व्हिडिओ बघा. मागचा फळा स्थिर असतो, हलतात फक्त सर. तिथेही मुख्यतः बदललेल्या भागाचीच माहिती पाठवतात, म्हणून तर तुमचा डेटा वाचतो. लॅबमधला संगणक अडखळला की आपण लगेच ‘नवा घ्या’ म्हणतो. त्याआधी, तो नको ते काम पुन्हा पुन्हा करतोय का, हे विचारायची सवय लागली पाहिजे.

आता वही घ्या. पाच ओळी लिहा. शेजारच्या पानावर त्याच ओळी लिहा, पण दुसरीनंतर एक नवी ओळ घाला आणि शेवटच्या ओळीतला एक शब्द बदला. पहिल्या पानाचं दुसरं पान करायला कमीत कमी किती सूचना लागतील? उत्तर मित्राशी ताडून बघा.