नशा त्याची, मी कशाला येऊ?

माझा मामेभाऊ अकरावीत गांजा ओढायला लागला. (त्याला विचारूनच लिहितोय.) मामांनी त्याला महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, शेजाऱ्यांना सांगितलं, क्लाससाठी पुण्याला गेलाय. परत आला तर घर होतं तसंच. मामी चोरून त्याचे खिसे तपासायची, मामा बोललेच तर ओरडायला. दोन महिन्यांत पुन्हा सुरू.

मग समुपदेशक बाईंनी सगळ्या घराला बोलावलं. मामा म्हणाले, "नशा त्यानं केली, मी कशाला येऊ?" माझ्या मते आपलं इथेच चुकतं. आईबापांवर खापर फोडायला कुणी बोलावत नाही. मुलगा ज्या घरात परत येणार, तिथलं बोलणं, रागावणं, लपवणं बदलायला हवं, एवढंच.

अमेरिकेत मायामीला होसे सापोचनिक यांनी १९७०च्या दशकात क्यूबन कुटुंबांतल्या अशा मुलांसाठी कौटुंबिक उपचारपद्धती बसवायला घेतली. तिथंही सगळं घर येईना! मग एकाच माणसाला भेटून अख्ख्या कुटुंबावर काम करता येतं का, हे त्यांनी तपासलं. येतं, असं १९८३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं.

आमच्याकडे भावासोबत मामी एकटीच गेली. पहिला गृहपाठ: खिसे तपासायचे नाहीत, सरळ विचारायचं. तिला ते फार जड गेलं. मध्ये भाऊ एकदा घसरला, पण या वेळी त्यानं स्वतःच तिला सांगितलं. मामा अजून आत गेलेले नाहीत. हल्ली दोघांना सोडायला येतात आणि बाहेर गाडीवर बसून राहतात.