मामांचे काचेचे कपाट

बारामतीहून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावर चढलो होतो. "दादा, दुकानातल्या कपाटाचे पन्नास हजार येतायत. तू एकदा येऊन बघ, मग देतो," तो म्हणाला. आवाजात आनंद होता आणि थोडी घाईही. त्याच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती हे मला ठाऊक होते. मी खाली उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली.

माझ्या मामांचे गुनवडी चौकाजवळ लहानसे दुकान होते. विळे, कोयते, खुरपी बाहेर खिळ्यांना टांगलेली. आणि आत गल्ल्याशेजारी ते कपाट. सागवानी, पुढे उतरती काच, मागे आरसा, खाली तीन खण. आत लाल मखमलीवर चाकू, वस्तरे, अडकित्ते ओळीने निजलेले. नीरा डाव्या कालव्याच्या उसावर पैसा झालेले बागाईतदार आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्यातले साहेब लोक त्या काचेवर वाकून उभे राहत. आम्हा पोरांना काचेला बोट लावायची मनाई होती. लावलेच, तर मामा काही न बोलता धोतराच्या सोग्याने ठसा पुसत, आणि ते न बोलणे फार लागे.

मामा गेले, दुकान बंद झाले, आणि कपाट मागच्या पडवीत आले. तिथे ते एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या नजरेस पडले. हे गृहस्थ पुण्याचे, बोलायला गोड. कपाटाच्या कपाळावर पितळी पट्टी आहे. तिच्यावर चांदणी आणि क्रूस, वर मुकुट आणि 'व्ही. आर.' ही अक्षरे. त्यांचे म्हणणे असे की, शेफील्डच्या रॉजर्स कारखान्याने आपल्या अडत्यांसाठी विलायतेहून पाठवलेले हे कपाट आहे, आणि व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली, म्हणजे ते निदान सव्वाशे वर्षांचे!

चांदणी आणि क्रूस ही जोसेफ रॉजर्सची खूण खरीच. मुकुटाची अक्षरेही खोटी नाहीत. पण वाचकहो, इथेच बहुतेक हौशी लोक फसतात. पात्यावरची खूण पात्याची जन्मवेळ सांगते, कपाटाची नव्हे. अमेरिकेत केस नावाचा चाकूंचा कारखाना आहे. त्याने १९७० साली पात्याच्या मुळाशी दहा ठिपके उमटवले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. तिकडचे संग्राहक ठिपके मोजून वर्ष सांगतात. मात्र तो चाकू ज्या कपाटात सापडला ते कपाट त्याच वर्षीचे, असे म्हणणारा शहाणा नव्हे. दुकानदार कपाट एकदाच घेतो. माल येतो आणि जातो. मामांच्याच कपाटाच्या कोपऱ्यात दोन चाकू उरले होते. एकावर 'मेड इन जर्मनी', दुसऱ्यावर 'वेस्ट जर्मनी'. देशाचे नाव घालण्याची सक्ती विलायती कायद्याने १८८७ साली आणली, आणि पश्चिम जर्मनी नावाचा देश १९४९ ते १९९० एवढाच होता. एकाच मखमलीवर अशा दोन पिढ्या!

मी कपाट पडवीतून उजेडात ओढले. भाऊ शेजारी उभा. त्याचे डोळे माझ्या हातांकडे.

पुढची काच आधी पाहिली. तिच्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे आणि डोके हळूहळू हलवावे. जुन्या काचेत ते पाण्यासारखे डुलते, कुठे बुडबुडाही सापडतो. ही काच मात्र निश्चल. काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करण्याची रीत पिल्किंग्टन कंपनीने इंग्लंडात १९५९ साली जाहीर केली. तेव्हा ही पुढची काच नंतरची. बाजूची डावी काच मात्र डुलत होती, म्हणजे ती मूळची असावी. बिजागऱ्यांचे स्क्रू फुलीच्या खाचेचे. हे अमेरिकेत फिलिप्सच्या नावाने १९३६ मध्ये निघाले, तेव्हा बिजागऱ्याही कधीतरी बदललेल्या. असे तुकडे नवे निघाले म्हणून लगेच कपाट खोटे ठरत नाही. दुकानातले कपाट चाळीस वर्षे रोज उघडते आणि मिटते. त्याची बिजागरी बदलली नसती तरच मला संशय आला असता.

मग मखमल अलगद उचलली. खाली दुसरी, जुनी मखमल, आणि तिला टाचलेली किमतीची कागदी लेबले: "आठ आणे", "सव्वा रुपया". वरच्या थरात "नवे पैसे". दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि पैशामागचे 'नवे' १९६४ साली गळाले. तेव्हा खालचा थर १९५७ च्या आधीचा. सन असा हातात आला की वस्तूवर काहीएक जीव जडतो. मला दुकानाचा तेलकट वास आल्यासारखा वाटला.

आता पट्टी. चार स्क्रू काढले. पट्टीखाली लाकडात सहा भोके! चार पट्टीची, आणि दोन जुनी, लाकडाच्या चुऱ्याने बुजवलेली. तिथे आधी दुसरीच कसली तरी पट्टी होती. पट्टीखालचे लाकूडही भोवतालच्या लाकडाइतकेच काळवंडलेले. मूळची पट्टी असती तर तिथे उजळ चौकोन निघाला असता.

शेवटी खण उपसले. त्यांचे तळ चहाच्या पेटीच्या प्लायवूडचे. विलायतेचा कारागीर दूरच्या अडत्याला पाठवायच्या कपाटाला चहाच्या पेटीचे फळकूट लावील काय? आणि उजव्या खणाच्या मागच्या फळीवर शिसपेन्सिलीने काही तरी गिरवलेले. भाऊ म्हणाला, "पोरांनी केलं असेल." मी चष्मा पुसला. ती मोडी होती. वडिलांनी लहानपणी शिकवलेली, तुटकतुटक येते. पण एवढे जमले: उजवा खण, वरचा. सुताराने खण जागच्या जागी बसावेत म्हणून केलेली खूण.

मला हसू आले, आणि लगेच भावाचा चेहरा पाहून ते आवरले.

"म्हणजे विलायती नाही?"

"नाही रे. आपल्याच कुणा सुताराचं. १९५७ च्या आधीचं, त्यापलीकडे मी हट्ट धरणार नाही."

"पण आजी तर सांगायची, पहिल्या रेल्वेनं आलं म्हणून."

दौंड ते बारामती छोटी रेल्वे १९१४ साली सुरू झाली. सुतार मुंबईचा असो की पुण्याचा, गाडीने कपाट इथे येण्याला हरकत काहीच नव्हती. आजीचे बोलणे मोडावे असा पुरावा माझ्याजवळ नव्हता. मात्र पट्टी मामांनीच कुठल्यातरी मोडक्या पेटीवरून काढून बसवली असावी, असे मला वाटते. विलायती माल विकायचा तर कपाटही विलायती दिसलेले बरे! मामांची ही चलाखी मला आवडली, हे कबूल करतो.

शनिवारी व्यापारी आले. भावाने त्यांना उजवा खण उलटा करून दाखवला. मी दाखवला नाही, त्याने दाखवला. ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "गिऱ्हाईक मोडी वाचणारं थोडंच येतं?" भाऊ म्हणाला, "आलं तर?" अठरा हजारांवर सौदा ठरला. उरलेल्या फीसाठी भावाने सोसायटीकडे अर्ज टाकला.

पट्टी मात्र व्यापाऱ्यांनी वेगळी मागितली. "दीड हजार देतो, सुटी." भाऊ माझ्याकडे पाहू लागला. ती दुसऱ्या कुठल्या कपाटाच्या कपाळावर चढणार हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्याने ती खिशात घातली आणि चहा आणायला आत गेला.

परवा पुतणीचे पत्र आले. वसतिगृहाच्या टेबलावर ती पट्टी वहीवर वजन म्हणून ठेवते, आणि मैत्रिणी विचारतात, ही 'व्ही. आर.' कोण?